जर टोले पडले, तर

खोलीत एकूण एकतीस चिठ्ठ्या होत्या. आरशाभोवती सात, कपाटाच्या दोन दारांवर मिळून अकरा, टेबलामागच्या भिंतीला आठ, दिव्याच्या बटणाशेजारी तीन, दाराच्या आतल्या बाजूला एक आणि उशीच्या अभ्र्याला टाचणीने लावलेली एक. बावीस पिवळ्या, नऊ गुलाबी. पिवळ्या संपल्या म्हणून गुलाबी, त्यात दुसरा काही अर्थ नव्हता. कपाटावरची एक चिठ्ठी दुसरीच्या खाली पूर्ण झाकलेली होती, त्यामुळे पाहुण्याने मोजल्या असत्या तर तीसच भरल्या असत्या. प्रत्येक चिठ्ठी 'जर'ने सुरू होत होती आणि मध्ये कुठेतरी 'तर' होतं.

गेल्या चार महिन्यांत त्यांतल्या दोन पाळल्या गेल्या होत्या. एक, 'जर भूक लागली, तर आधी पाणी प्यायचं', आणि तीही पाण्याची बाटली जेवणाच्या वाटेतच होती म्हणून. दुसरी, 'जर गजर वाजला, तर तो बंद करायचा आणि लगेच उठायचं.' हिच्यातले शेवटचे तीन शब्द जागा न पुरल्यामुळे पुढच्या ओळीत गेले होते, आणि चिठ्ठीची मालकीण पुढच्या ओळीपर्यंत कधी पोचलीच नाही.

मालकिणीला घरात मापाडी म्हणत. नऊ वर्षांची असताना तिने आई आणि बाबांच्या घोरण्यातलं अंतर सेकंदांत मोजून वहीत लिहिलं होतं, तेव्हापासून. पुढे तिने रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत लागली. तिथे दिवसभर लोकांच्या नळाचं पाणी बाटल्यांतून यायचं आणि त्यात काय किती आहे ते ही सांगायची. स्वतःच्या दिवसात काय किती आहे हे मात्र तिला कधी धड सांगता आलं नव्हतं.

चिठ्ठ्यांचं खूळ प्रयोगशाळेतूनच आलं. हातमोजे घालायला सगळे विसरत. सूचना लावून झाल्या, दम देऊन झाला, काही फरक नाही. मग एक प्रशिक्षक आला आणि म्हणाला, "हातमोजे घालायचे आहेत असं ठरवू नका. 'जर दाराच्या मुठीला हात लागला, तर दुसरा हात हातमोज्यांच्या खोक्यात' असं ठरवा." लोक हसले. पण महिनाभरात विसरणं निम्म्याच्या खाली आलं. नुसतं ठरवलं की काम आपल्या डोक्यावर राहतं आणि डोकं भरवशाचं नसतं. 'जर-तर' केलं की ते काम एखाद्या जागेच्या, आवाजाच्या, वस्तूच्या गळ्यात पडतं, आणि ती वस्तू समोर आली की हात आपोआप हलतो. मापाडीला हे इतकं पटलं, इतकं पटलं, की महिना संपायची वाट न पाहता पहिल्याच संध्याकाळी तिने चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे आणले. त्याच प्रशिक्षकाने 'एका वेळी एकच योजना करा, फार झाल्या की एकही चालत नाही' असंही सांगितलं होतं. तेव्हा ती चिठ्ठ्या आणायला निघून गेली होती.

झाकलेली चिठ्ठी चौदाव्या क्रमांकाची होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'जर रविवार आला, तर स्टूल दुरुस्त करायचं.'

स्टूल बाबांच्या दुकानातलं. बाबा घड्याळं दुरुस्त करत. भिंतीवरचं घड्याळ काढायला-लावायला ते या स्टुलावर चढत, आणि त्याचा मागचा उजवा पाय डुगडुगत होता. एक स्क्रू बदलायचा, दहा मिनिटांचं काम. बाबांनी स्वतःच केलं असतं, पण मापाडी म्हणाली होती, "तुम्ही हात लावू नका, मी करते." रविवार आले. एकूण तीन आले. तिसऱ्या रविवारनंतरच्या मंगळवारी बाबा एक घड्याळ टांगायला वर चढले आणि घड्याळ वाचवून स्वतः पडले. घड्याळ अजून चालतंय. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

कोणीही तिला काही बोललं नाही. "स्टूल जुनंच होतं," एवढंच बाबा म्हणाले. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने चौदावी चिठ्ठी काढून टाकली नाही. तिच्यावर 'जर मोबाइल हातात आला, तर आधी तीन श्वास' ही चिकटवली आणि मोबाइल हातात घेतला.

*

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं आणि फिजिओबाई घरी येऊ लागल्या. त्यांच्याकडे मूठ मोजायचं यंत्र होतं. दांडी दाबायची, काटा किलोमध्ये सांगतो. डाव्या हाताचे एकतीस भरले. उजव्याचे पाच. दहा दिवसांनी पुन्हा मोजलं.

"सहा," फिजिओबाई म्हणाल्या. "दहा दिवसांत एक किलो. काका, खरं सांगा, व्यायाम करता का?"

"करतो की."

"रोज?"

"आठवलं की."

"आणि आठवतं कधी?"

"तुम्हाला पाहिलं की," बाबा म्हणाले.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, त्यांना कसलं विचारताय, मला विचारा. पालथ्या घड्यावर पाणी! मी म्हणते मूठ मिटा, तर हे म्हणतात मिटली. बघते तर अंगठा एकीकडे, बोटं एकीकडे."

फिजिओबाई हसल्या नाहीत. यंत्र पिशवीत ठेवत त्यांनी बाबांकडे नाही, मापाडीकडे पाहिलं. "दर तासाला दहा वेळा मूठ मिटायची, उघडायची. एवढंच मागते आहे. साडेसहा आठवडे उरलेत. त्यानंतर जे बोट जिथे अडलं तिथे अडलं. पंधराच्या पुढे गेले तर चिमटा हातात धरतील. नाहीतर चमचा धरतील, दार उघडतील, शर्टाची बटणं लावतील. पण घड्याळाचं बारीक काम विसरायचं."

बाबा खिडकीबाहेर पाहत होते. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं.

दुकानात, बाबांच्या टेबलावर, काचेच्या टोपाखाली एक मनगटी घड्याळ सुटं करून ठेवलेलं होतं. मापाडीला पदवी मिळाली तेव्हा बाबांनीच दिलेलं, रोज चावी द्यायचं. ते दिवसाला पाच मिनिटं मागे पडायला लागलं म्हणून त्यांनी उघडलं होतं, आणि ज्या दुपारी ते पडले त्या दुपारपासून ते तसंच होतं. मापाडीने टोप न उचलता त्याचे भाग मोजले होते. त्रेचाळीस. दुसऱ्या कोणत्याही घड्याळजीकडे नेऊन ते जोडून घेता आलं असतं. हे घरात कोणी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मापाडीला स्फुरण चढलं. स्वतःच्या एकतीस चिठ्ठ्यांनी तिचं काही भलं केलं नव्हतं हे खरं, पण उंटावरच्या शहाण्याला स्वतः चालावं लागत नाही. 'दर तासाला' हे फिजिओबाईंचं म्हणणंच तिच्या मते मोघम होतं. तास काय दिसतो? तासाला काही वास आहे? तास झाल्याची खूण हवी, कानावर आदळणारी, चुकवता न येणारी. अशी खूण बाबांच्या दुकानात भिंतभर टांगलेली होती. तिने गुलाबी चिठ्ठी घेतली आणि ठळक अक्षरांत लिहिलं:

'जर तासाचे टोले पडले, तर दहा वेळा मूठ मिटायची.'

"बाबा, हे टेबलावर लावा. टोले ऐकू आले की करायचं, विचार करायचा नाही."

बाबांनी चिठ्ठी लांब धरून वाचली. "अर्ध्या तासाचा एक टोला पडतो, तो धरायचा?"

"नाही. तासाचेच."

"बरं."

"नक्की कराल?"

"अगं, चाळीस वर्षं टोले ऐकतोय. टोला पडला आणि मला कळला नाही असं झालंय का कधी?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा बाबा आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. "झालं चिठ्ठीप्रमाणे?" तिने विचारलं. "एकही चुकलं नाही," ते म्हणाले. मापाडीने वहीत बरोबरची खूण केली. मग तिने खुणेभोवती चौकोन काढला. मग चौकोनाला सावली दिली. मानवी मनाची किल्ली आपल्याला सापडली आहे आणि ती गुलाबी कागदाची आहे, अशा समाधानात तिला झोप लागली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी सव्वातीनला, आईचा दुकानातून प्रयोगशाळेत फोन आला. "तुझ्या बाबांना कप उचलवत नाहीये. मनगट बघ कसं टम्म झालंय, पावासारखं. काय करायला लावलंयस गं त्यांना?"

*

फिजिओबाई दुकानातच आल्या. मापाडीही अर्धी रजा टाकून धावत पोचली. बाबांचा हात टेबलावर बर्फाच्या पिशवीखाली होता. मूठ मोजली. चार.

"काका, किती वेळा केलंत?"

"चिठ्ठीत लिहिलंय तेवढंच. टोले पडले की दहा."

"मग असं कसं झालं?" मापाडी म्हणाली. "तासाला दहा म्हणजे..."

तेवढ्यात तिच्या डाव्या कानापाशी एका घड्याळाने चारचे टोले दिले. बाबांची सुजलेली बोटं बर्फाखाली आपसूक हलली. "राहू द्या!" फिजिओबाई ओरडल्या. चार मिनिटं गेली. खिडकीवरच्या घड्याळाने चारचे टोले दिले. बोटं पुन्हा हलली. आणखी चार मिनिटांनी दारावरचं घड्याळ वाजलं.

मापाडी भिंतीकडे वळली आणि तिने आयुष्यात प्रथमच काहीतरी मोजायच्या आधी उत्तर ओळखलं. टोले देणारी तेरा घड्याळं. आणि प्रत्येकात वेगळी वेळ.

याला कारण होतं, आणि ते तिला वयाच्या पाचव्या वर्षापासून ठाऊक होतं. दुरुस्त झालेलं टोल्याचं घड्याळ बाबा लगेच परत देत नसत. काही आठवडे भिंतीवर टांगून त्याचे टोले ऐकत. एखादा टोला दबका पडतो का, हातोडी अडखळते का, अकराला दहाच वाजवतं का. सगळी एकदम वाजली तर कोण चुकलं ते कळणार कसं? म्हणून ते प्रत्येक घड्याळ आधीच्यापेक्षा चार मिनिटं मागे लावत. लहानपणी ती इथे बसून गृहपाठ करायची आणि कोणाचा आवाज कोणाचा ते डोळे मिटून सांगायची. टोले इतके ओळखीचे होते, की ते ऐकू येतात हेच ती विसरली होती.

बाबा शांतपणे म्हणाले, "अर्ध्याचे नाही धरले. तू नको म्हणालीस."

मापाडीने हिशेब केला, कारण ते सोडून तिला काही येत नव्हतं. तासाला तेरा वेळा, दर वेळी दहा. दुकान दहा ते सात. पहिल्या दिवशी अकराशे सत्तर. दुसऱ्या दिवशी तीनपर्यंत साडेसहाशे. एकूण अठराशे वीस.

"तुम्ही मध्ये थांबला का नाहीत?" तिने विचारलं.

"मला वाटलं, तू मोजूनच लिहिलं असशील."

फिजिओबाईंनी तीन दिवस पूर्ण विश्रांती सांगितली आणि चिठ्ठी काढून मापाडीच्या हातात दिली. दारातून बाहेर पडता पडता त्या म्हणाल्या, "एक मात्र मानलं. ज्या माणसाला दिवसातून एकदा आठवत नव्हतं, त्याने अठराशे वेळा केलं. तुमची युक्ती चालते. फारच चालते."

*

विश्रांतीचे तीन दिवस मापाडीने रजा घेतली आणि वही घेऊन दुकानाच्या कोपऱ्यात बसली. उपाय सुचवायचा नाही, फक्त मोजायचं, असं तिने ठरवलं. दिवसभरात दुकानात काय काय किती वेळा होतं? फोन सहा वेळा वाजला. चहा तीनदा. समोरच्या गल्लीत कुत्रा भुंकला ते एकवीस वेळा, पण त्यातले चौदा एकाच मांजरामुळे. दाराची घंटी चोवीस वेळा.

"दार उघडलं की करायचं, असं ठेवलं तर?" दुसऱ्या दिवशी तिने विचारलंच. उपाय न सुचवण्याचा तिचा निर्धार दीड दिवस टिकला, हा तिचा आजवरचा विक्रम होता.

"गिऱ्हाइकासमोर मूठ वळत बसू? त्याला वाटेल मारायला उठलाय."

तेव्हाच दार उघडलं आणि निवृत्त मास्तर आत आले. त्यांचं भिंतीवरचं घड्याळ प्लास्टरच्या आधीपासून इथे पडून होतं, आणि ते रोज फिरायला जाताना त्याची विचारपूस करून जात. "काय घड्याळजी, कधी होईल आमचं?"

बाबांचा उजवा हात टेबलावरून उठला आणि टेबलाखाली गेला. मापाडीने तो जाताना पाहिला. "उद्या-परवा होईल," बाबा म्हणाले.

"गेला महिनाभर उद्या-परवाच चाललंय तुमचं," मास्तर म्हणाले आणि निघून गेले. हात परत वर आला.

मापाडीने वहीत एक नवा रकाना पाडला. संध्याकाळपर्यंत त्या रकान्यात चौदा रेघा झाल्या. चौदा जणांनी वेगवेगळ्या शब्दांत तेच विचारलं, कधी होईल, कधी मिळेल, केव्हा येऊ, आणि चौदाही वेळा हात टेबलाखाली गेला.

दुकान बंद करायच्या आधी तिने वही बाबांपुढे ठेवली. तिला वाटलं, ते हसतील. त्यांनी एकेक रेघ बोटाने मोजली.

"ते विचारतात ना कधी होईल," बाबा म्हणाले, "तेव्हा काहीतरी ठोकून देतो. मला काय माहीत कधी होईल? होईल की नाही तेच माहीत नाही. आणि व्यायामाचं म्हणशील तर... मूठ मिटायला गेलो की दिसतं ना, मिटत नाही ते. हात खाली ठेवला की दिसत नाही."

एका घड्याळाने सातचे टोले दिले. या वेळी दोघांनीही दुर्लक्ष केलं.

घोडं पेंड कुठे खात होतं ते मापाडीला आता कळलं. बाबांना व्यायामाची आठवण नव्हती असं नाही. आठवण दिवसातून चौदा वेळा येत होती, आणि चौदा वेळा ते त्या आठवणीपासून हात लपवत होते. तिच्या चिठ्ठीतला 'जर' सोयीचा होता, नीटनेटका होता, आणि चुकीच्या जागी होता. हे सगळं तिने मनातल्या मनात अत्यंत समर्पक शब्दांत मांडलं, आणि बोलायला तोंड उघडणार तोच बाबा म्हणाले,

"हात खाली जातोच आहे, तर तिथे गेल्यावर मिटला तर कोणाला दिसणार?"

"काय?"

"कोणी विचारलं कधी होईल, की हात खाली. खाली गेला की दहा वेळा. मग उत्तर. दे तो कागद. नाही, तू लिहू नकोस. तू लिहिलंस की माझा हात सुजतो."

त्यांनी डाव्या हाताने लिहिलं. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं, ओळ चढणीला लागलेली. 'जर कोणी कधी होईल विचारलं, तर आधी दहा, मग उत्तर.' चिठ्ठी टेबलाच्या खालच्या बाजूला लावली, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशी.

मापाडीने चौदा गुणिले दहा करून पाहिलं. फिजिओबाईंना फोन करून विचारलं. चालेल म्हणाल्या. सूज उतरल्यावर सुरुवातीला पाच, मग दहा.

*

पहिले दोन दिवस मास्तरांना काही कळेना. त्यांनी विचारलं, "कधी होईल?" आणि घड्याळजी छताकडे बघत गप्प. मास्तरांनी मापाडीकडे पाहिलं, मापाडीने वहीत पाहिलं. जवळजवळ अर्ध्या मिनिटाने बाबा म्हणाले, "पाच आठवडे तरी लागतील. हात बरा नाही. थांबणार असाल तर थांबा, नेणार असाल तर न्या."

मास्तर दारापर्यंत गेले आणि परत आले. "इतकी वर्षं तुम्ही झटकन सांगत होतात, ते एकदाही खरं झालं नाही. आज विचार करून सांगितलंत. थांबतो."

बाबांनी हे रात्री जेवताना आईला तीनदा सांगितलं. त्यांची अडचण एकच होती. हात टेबलाखाली असताना विचार करायला वेळ मिळायचा, आणि वेळ मिळाला की खोटं बोलायचा धीर होत नसे. काही जणांनी घड्याळं परत नेली. बरेच थांबले.

मग एक आठवडा गिऱ्हाइकांचा दुष्काळ पडला. शेजारचा रस्ता खणून ठेवला होता, दिवसाला चार-पाच जण यायचे. मापाडीने ताबडतोब पर्यायी योजनांचा तक्ता आखायला घेतला. तक्त्याचे रकाने पाडून होतात तोवर आईने घरून दुकानात फोन लावला.

"कधी होईल?" ती फोनवर म्हणाली.

"काय कधी होईल?" पलीकडून बाबा.

"काहीही नाही. मूठ मिटा."

त्यानंतर ती रोज फोन करायची. भांडी घासून झाली की, बाजारातून आली की, शेजारणीशी भांडून झालं की. "कधी होईल?" एवढंच म्हणायची आणि दहा मोजून ठेवून द्यायची. मापाडीने तक्ता अर्धाच सोडला. तो अजून वहीत आहे, रकाने अतिशय सरळ आहेत.

यंत्रावरचे आकडे सावकाश चढले. सूज उतरल्यावर पाच. मग सात. मग एकदम दहा. मग दोन आठवडे दहावरच अडले, तेव्हा घरात सगळे जपून बोलायचे. मग बारा.

*

बाराच्या दिवशी मापाडी फिजिओबाईंबरोबर दुकानात गेली होती. परत निघताना तिच्या लक्षात आलं, की दारातून टेबलापर्यंत जाताना ती नेहमी डावीकडून वळसा घालते. उजवीकडून वाट सरळ होती. उजवीकडे स्टूल होतं. बाबांनी त्याच्या पायाला सुतळी गुंडाळून ते भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं, वर्गातल्या मस्तीखोर पोरासारखं.

बाबांच्या चौदा रेघा मोजणाऱ्या मापाडीने स्वतः किती वेळा वळसा घातला ते मोजलेलं नव्हतं. अंदाजे दोनशे. रविवार आला तर, असं लिहिलं होतं तिने. जणू रविवार येऊन दारात उभा राहून खाकरणार होता. स्टूल सगळे सातही दिवस इथेच होतं.

घरी जाऊन तिने चिठ्ठ्या काढल्या. वीस मिनिटं लागली, उशीची टाचणी बोटाला लागली ती वेगळी. तीस चिठ्ठ्या टोपलीत गेल्या. चौदावी तिने उलट केली आणि मागे लिहिलं, 'जर स्टुलाला वळसा घातला, तर तिथेच खाली बसायचं.' पिशवीत पेचकस, नवा स्क्रू आणि डिंकाची बाटली टाकली.

दुसऱ्या दिवशी तिने वळसा घातला, थांबली आणि गिऱ्हाइकांच्या देखत जमिनीवर बसली. स्क्रू तिने लांबीला चुकीचा आणला होता. मास्तरांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "कधी होईल?"

टेबलामागे बाबांचा हात आपोआप खाली गेला.

"परवा," मापाडी म्हणाली आणि परवा खरंच केलं. मग स्टूल सपाट फरशीवर ठेवून चारही पायांखाली कागद सरकवून पाहिला. एकाही पायाखालून गेला नाही. बाबा त्यावर चढले नाहीत. ते त्यावर बसले, पाय हलवून पाहिला आणि म्हणाले, "जुनंच बरं होतं. झोपाळ्यासारखं." मग ते हसले, आणि मग तीही, पण तिला आधी नाक पुसावं लागलं.

आठव्या आठवड्याच्या शेवटी फिजिओबाईंनी यंत्र काढलं. बाबांनी दांडी दाबली. काटा पंधरापाशी क्षणभर थरथरला आणि पुढे गेला. सतरा.

फिजिओबाई गेल्यावर बाबांनी दुकानाच्या दाराला आतून कडी घातली, डोळ्याला भिंग लावलं आणि काचेचा टोप उचलला. मापाडी स्टुलावर बसली होती. तिला चिमट्याचं टोक हलताना दिसत होतं. पहिला स्क्रू निसटला आणि दोघं गुडघ्यांवर बसून फरशीवर शोधत राहिले. दुसऱ्यांदा निसटला. तिसऱ्यांदा बाबांनी चिमटा खाली ठेवला आणि हात टेबलावर, उजेडात, पालथा पसरून त्याच्याकडे पाहत राहिले.

मापाडीला पंधरा-वीस गोष्टी सुचल्या. त्यांतली एकही तिने सांगितली नाही.

"कधी होईल?" तिने विचारलं.

बाबांनी भिंग कपाळावर सरकवलं. हात टेबलावरच राहू दिला आणि तिच्यासमोर दहा वेळा मूठ मिटली, उघडली. आठवी जरा अडली. दहावी मिटली.

"शुक्रवारी," ते म्हणाले.

शुक्रवारी संध्याकाळी त्रेचाळीस भाग पुन्हा एकाच जागी होते. मापाडीने चावी दिली, घड्याळ प्रयोगशाळेत नेलं आणि तिथल्या तंतोतंत वेळ दाखवणाऱ्या घड्याळाशी जुळवून कपाटात ठेवलं. बरोबर एका दिवसाने कपाट उघडलं आणि वहीत नोंद केली.

चोवीस तासांत अकरा सेकंद मागे.